पासंग दाखवणारी बायको

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एका लहानशा पुस्तकाच्या ५०० प्रती छापल्या गेल्या. किंमत नऊ आणे. लेखिका वऱ्हाडातल्या बुलढाण्याची, नाव ताराबाई शिंदे. 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तकाचं नाव, आणि स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हे उघड करून दाखवण्यासाठी हा निबंध लिहिला आहे, अशी त्याला जोड दिलेली.

तुलना या शब्दात मूळची तुला आहे, म्हणजे तराजू. ताराबाईंच्या वऱ्हाडात तराजूची ओळख कोणाला करून द्यावी लागत नव्हती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६०च्या दशकात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, खामगावची कापूसपेठ नावारूपाला आली आणि १८७०मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटाही टाकला गेला. पेठेत माल घेऊन येणारा शेतकरी आधी एक गोष्ट बघतो, तराजूला पासंग आहे का. पारडी रिकामी असतानाच एक बाजू खाली झुकत असेल, तर पुढचं सगळं वजन खोटं. ताराबाईंनी नेमकं हेच पाहिलं. नवरा आणि बायको ज्या तराजूत तोलले जात होते, त्याचा पासंग त्यांनी चारचौघांत दाखवला.

बुलढाणा जिल्हा म्हटलं की पहिलं नाव येतं ते सिंदखेडराजाच्या जिजाऊंचं. लखुजी जाधवरावांची ही लेक शहाजीराजांची पत्नी झाली, आणि माहेर-सासरच्या राजकारणाचे चटके तिने अंगावर घेतले. १६२९मध्ये दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात तिच्या वडिलांचीच हत्या झाली. दर वर्षी १२ जानेवारीला, तिच्या जयंतीला, सिंदखेडराजाला जनसागर लोटतो. मात्र जिजाऊ स्वतः काय बोलल्या असतील, हे आपल्याला बखरकार, कवी आणि कादंबरीकार सांगतात. त्याच जिल्ह्यातल्या ताराबाईंची गोष्ट उलटी आहे. त्यांच्या आयुष्याबद्दल हाताशी फार थोडं आहे, पण त्या काय बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत, छापील स्वरूपात शिल्लक आहे.

जे थोडं ठाऊक आहे ते असं. जन्म साधारण १८५०चा. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं होतं, आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं थंड हवेचं बुलढाणा जिल्ह्याचं ठाणं झालं होतं. कचेरी, कारकून, अर्ज, मोहोर, तारखा अशा वातावरणातलं हे घर. बापूजींना स्वतःलाही लिहिण्याची हौस होती; शिकलेल्या देशबांधवांना चार गोष्टी सुचवणारं एक पुस्तक त्यांनी १८७१मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध आला. चार मुलगे आणि ही एकच मुलगी. त्या भागात मुलींची शाळा नव्हती, म्हणून बापूजींनी तिला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. मराठा घरातल्या मुलीला त्या काळात संस्कृत येणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि त्या संस्कृतचा तिने पुढे काय उपयोग केला ते बघण्यासारखं आहे.

लग्न लहानपणीच झालं. पण ताराबाई सासरी गेल्या नाहीत, नवराच घरजावई होऊन बुलढाण्याला आला. घरजावयाची आपल्याकडे किती टिंगल होते ते सांगायला नको. सासुरवास ज्या बाईच्या वाट्याला आला नाही, तिला वाचायला, विचार करायला आणि रागवायला उसंत मिळाली, एवढं मात्र म्हणता येतं. सार्वजनिक जीवनातल्या पुरुषाची पत्नी म्हणून एखादीचं नाव राहतं, हा नेहमीचा रिवाज. इथे रिवाज उलटा झाला. पुस्तकावर माहेरचं आडनाव आहे, आणि ताराबाईंचा नवरा इतिहासात कुणाचा तरी नवरा म्हणूनच उरला आहे.

पुस्तकाला निमित्त झालं ते बुलढाण्यापासून फार दूरच्या एका खटल्याचं. सुरतेला विजयालक्ष्मी नावाची ब्राह्मण विधवा होती. लग्नाबाहेर झालेलं मूल तिने मारलं, म्हणून १८८१मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६मध्येच मोकळीक दिली होती, पण कायदा कागदावर आणि केशवपन अंगणात, अशी परिस्थिती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते असल्याच दुर्दैवी बायांसाठी. विजयालक्ष्मीच्या खटल्यावर वर्तमानपत्रांत भरभरून लिहून आलं. 'पुणे वैभव' या सनातनी वळणाच्या पत्राने या निमित्ताने एकूण स्त्रीजातीच्याच चालचलणुकीवर झोड उठवली. बुलढाण्यात हा मजकूर वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली.

त्या लिहायला बसल्या त्या वकिलाच्या थाटात. एका जुन्या संस्कृत श्लोकात बायकांचे दुर्गुण एकापाठोपाठ एक मांडले आहेत. साहस, कपट, अविनय, अविश्वास अशी ती यादी. ताराबाईंनी तोच श्लोक आरोपपत्रासारखा समोर ठेवला आणि एकेक कलम घेऊन विचारलं की, हे कलम पुरुषाला लागू होत नाही का? कचेरीतल्या हेडक्लार्कची ही मुलगी. अर्जाला मुद्देसूद उत्तर कसं द्यायचं हे तिने घरातच पाहिलं असणार, असं हा भाग वाचताना वाटत राहतं. संस्कृत शिकवल्याचं फळ ते हे.

इथे शीर्षकातल्या 'साहसी' या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. आज आपण डोंगर चढणाऱ्याला साहसी म्हणतो. त्या श्लोकातलं साहस वेगळं आहे. मागचापुढचा विचार न करता केलेलं अविचारी, बेलगाम कृत्य, प्रसंगी गुन्हासुद्धा, असा त्याचा अर्थ. म्हणजे शीर्षकातला प्रश्न 'शूर कोण' असा नसून 'खरा बेछूट कोण' असा आहे. विजयालक्ष्मीने केलं ते साहस, हे सगळ्यांना मान्य. मग त्या विधवेला फसवून, दिवस गेल्यावर हात झटकून मोकळा झालेला पुरुष कुठे आहे? तो कोर्टात नव्हता आणि अग्रलेखातही नव्हता. तराजूत त्याचं पारडंच नव्हतं.

निबंधातला सगळ्यात धारदार भाग बायकोच्या धर्माबद्दलचा आहे. पतिव्रतेने नवऱ्याला देव मानावं म्हणतात. ठीक, म्हणतात ताराबाई, मग नवऱ्याने देवासारखं वागायला नको का? तो शिव्या देणार, लाथ मारणार, बाहेरची बाई ठेवणार, पिऊन आणि जुगार खेळून येणार, आणि बायकोने मात्र गोकुळातून कृष्ण खोड्या करून आला असं समजून हसतमुखाने दार उघडायचं! हे लिहून झाल्यावर त्या खऱ्या देवांकडे वळतात. पुराणांतल्या देवांचे संसार, ऋषींची वर्तणूक, महाभारतातल्या पतिव्रतांच्या कथा, सगळं बाहेर काढतात. पोथ्या ज्या घरात वाचल्या जात होत्या, त्याच घरातल्या बाईने त्या इतक्या नीट ऐकल्या असतील, याची वाचणाऱ्यांना कल्पना नसावी.

विधुर आणि विधवा यांची त्यांनी घातलेली जोडी तर आजही वाचताना हसू आणि चटका एकदम देते. बायको मेली की नवरा दहाव्या-बाराव्या दिवसानंतर दुसरी बघायला मोकळा. नवरा मेला की बायकोचे केस जाणार, कुंकू जाणार, दागिने जाणार, शुभकार्यात तोंड दाखवणं बंद. जोडीदार जाणं हे दोघांनाही सारखंच असेल, तर बायको मेलेल्या पुरुषाने दाढीमिशा भादरून, तोंड लपवून रानात का जाऊ नये, असा त्यांचा सवाल आहे. विधवेला पुन्हा लग्न करू न देण्याची चाल ब्राह्मणांपुरती राहिली नाही, कुलीन मराठ्यांनीही ती प्रतिष्ठेची खूण म्हणून उचलली, हे त्यांनी स्वतःच्या जातीकडे बोट दाखवून लिहिलं. हे सांगायला धाडस लागतं, आजच्या अर्थाने.

सुधारकही त्यांच्या तावडीतून सुटले नाहीत. सभा भरवायच्या, भाषणं ठोकायची, ठराव करायचे, आणि घरी आल्यावर सगळं पहिल्यासारखं. इंग्रजी बूट चढवले, टोपी बदलली, खाणंपिणं बदललं, तेव्हा पुरुषांचा धर्म बुडाला नाही. बायकोने जुना धर्म टाकायचा म्हटलं की मात्र आभाळ कोसळतं. त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्या आणि नाटकंही त्यांनी सोडली नाहीत. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या पुस्तकांतली स्त्रीपात्रं कशी रंगवली जातात, आणि ती रंगवणारा हात कुणाचा असतो, हे त्या विचारतात. मराठी कादंबरीचं वय तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचं होतं. तिची अशी झाडाझडती घेणाऱ्या पहिल्या काही वाचकांत बुलढाण्याची एक गृहिणी आहे, ही गोष्ट आपल्या समीक्षेच्या इतिहासात जरा ठळकपणे सांगायला हवी होती.

भाषा? ती घरातली आहे. भांडणातली, ओसरीवरची, म्हणींनी भरलेली, मधूनच संस्कृत वचन फेकून मारणारी. आपलं हे पहिलंच लिखाण, घराच्या चार भिंतींत अडकलेल्या बाईचं, त्यामुळे ओबडधोबड असेल, अशी कबुली त्या सुरुवातीला देतात. ती कबुली फार मनावर घेऊ नये. ज्या सफाईने पुढचे वार होतात, त्यावरून ती रीतीपुरती होती असं दिसतं.

त्याच १८८२ साली पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीती' प्रसिद्ध झालं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तर ताराबाईंचं वेगळेपण डोळ्यांत भरतं. रमाबाईंच्या त्या पुस्तकाचा रोख स्त्रियांकडे आहे. बायकांनी शिकावं, उद्योगी व्हावं, स्वतःला घडवावं, असा उपदेश. ताराबाईंनी तोंड पुरुषांकडे फिरवलं. बायकांनी कसं वागावं हे सांगणारे खूप होते. नवऱ्याने कसं वागावं हे बायकोने छापून विचारण्याची पद्धत पडलेली नव्हती. रमाबाईंचं पुढचं आयुष्य जगभर गाजलं, ताराबाईंचं डोंगरातल्या गावात राहिलं.

त्यांच्या विचारांना मर्यादाही आहेत. पतिव्रतेची कल्पना त्या मोडीत काढत नाहीत, तिचा एकतर्फीपणा मोडतात. नवरा नीट वागला तर बायकोचं नीट वागणं त्यांना मान्यच आहे. इंग्रजी राज्याविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता आहे, कारण बाईच्या हातात अक्षर आलं ते या राज्यात, असं त्यांना वाटतं. आजच्या वाचकाला काही पानं खटकतील. पण १८८२मध्ये बुलढाण्यात बसलेल्या बाईने २०व्या शतकातल्या चळवळीची भाषा बोलावी, ही अपेक्षा म्हणजे पुन्हा पासंगच.

पुस्तकावर टीका झाली. आश्चर्य वाटेल ते असं की टीका करणाऱ्यांत सत्यशोधकही होते, म्हणजे घरचेच. जातीच्या जुलमावर तुटून पडणाऱ्या पुरुषांना नवरेपणावर बोट ठेवलेलं सोसलं नाही. तेव्हा ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५मध्ये त्यांनी 'सत्सार' नावाचे दोन अंक काढले. त्यांतल्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंना आपली 'चिरंजीविनी' म्हटलं आणि स्वतःच्या सहकाऱ्यांना खडसावत पुस्तकाची पाठराखण केली. चिरंजीव हे मुलाच्या नावाआधी लावायचं. जोतीरावांनी ते मुलीसाठी वळवून घेतलं.

त्यानंतर ताराबाईंनी काही प्रसिद्ध केलं नाही. निदान आपल्यापर्यंत दुसरं पुस्तक आलेलं नाही. १९१०च्या आसपास त्यांचं निधन झालं असं मानतात. त्याच १९१० साली रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध झाल्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीने लिहिलेलं ते शांत, नितळ पुस्तक मराठी घराघरांत पोचलं, आणि ते योग्यच झालं. नवऱ्याची थोरवी सांगणारी बायको वाचकाला नेहमीच आवडते. नवरेपणाचा हिशेब मागणारीला वाट बघावी लागते.

बोलणाऱ्या बायकोचं काय करायचं, हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या मंत्रिमंडळात अॅटर्नी जनरल राहिलेल्या जॉन मिचेल यांची पत्नी मार्था पत्रकारांना फोन करून मनातलं बेधडक सांगायची. १९७२मध्ये वॉटरगेट प्रकरण सुरू होताना कॅलिफोर्नियातल्या हॉटेलात ती वार्ताहराशी बोलत असतानाच फोनची तार उखडली गेली. ती पीत असते, तिचं डोकं फिरलंय, अशी हाकाटी उठली. पुढे तिचं बरंचसं म्हणणं खरं निघालं. खरं सांगणाऱ्या माणसाचं बोलणं भ्रम ठरवून टाकण्याच्या चुकीला मानसशास्त्रात आता तिचंच नाव दिलं जातं. ती १९७६मध्ये वारली.

महाराष्ट्रात त्याच काळात बायका रस्त्यावर होत्या. १९७२च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या मागे हजारो गृहिणी लाटणी घेऊन निघाल्या. यातल्या प्रमिलाताई समाजवादी नेते मधू दंडवते यांच्या पत्नी. आणीबाणीत नवरा बंगळूरच्या तुरुंगात आणि बायको येरवड्याला, असा त्यांचा संसार चालला. दोघांमध्ये पत्रं चालायची, आणि त्यांत प्रेमाइतकंच राजकारण असायचं. मधू दंडवते १९७७मध्ये रेल्वेमंत्री झाले. मंत्र्याची बायको म्हणून फिती कापत बसणं प्रमिलाताईंच्या स्वभावात नव्हतं. १९८०मध्ये त्या स्वतः मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि हुंडाबंदीचा कायदा कडक करावा यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडलं. १९८४ आणि १९८६मध्ये त्या कायद्यात सुधारणा झाल्या, त्यामागे हा रेटाही होता.

या बायका तुरुंगात जात होत्या त्याच सुमाराला ताराबाई परत आल्या. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी अभ्यासक स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' शोधून, संपादन करून पुन्हा छापलं. ९३ वर्षांचा खंड पडला होता. मधल्या काळात मराठीत स्त्रीप्रश्नावर किती लिहिलं गेलं, किती परिषदा भरल्या, पण या नऊ आण्याच्या पुस्तकाची आठवण फारशी कुणाला झाली नव्हती. पुनर्मुद्रणानंतर मात्र ते थांबलं नाही. १९९१मध्ये भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या एका मोठ्या इंग्रजी संग्रहात माया पंडित यांनी केलेला त्यातल्या भागाचा अनुवाद आला. १९९४मध्ये रोझालिंड ओ'हॅन्लन या इंग्रज इतिहासकार बाईंनी संपूर्ण पुस्तकाचं भाषांतर दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केलं. त्यानंतर जगात कुठेही भारतीय स्त्रीवादाच्या इतिहासाचा अभ्यासक्रम बेतायचा झाला, की बुलढाण्याचं नाव येऊ लागलं. मालश्यांनी मराठीत शोध लावला नसता, तर इंग्रजीला भाषांतर करायला हाती काय लागलं असतं, हेही ध्यानात असू द्यावं. आपल्याकडच्या पुस्तकाला मान बाहेरून मिळाला म्हणून आपण हुरळतो, आणि घरच्या संपादकाला विसरतो.

बुलढाण्याला लागूनच मराठवाडा आहे. तिथे छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्राला ताराबाई शिंदे यांचं नाव आहे. ज्यांच्या भागात मुलींची शाळा नव्हती आणि ज्या वडिलांच्या ओसरीवर शिकल्या, त्यांच्या नावाच्या पाटीखालून मुली आता वर्गात जातात. खेड्यापाड्यांतून एसटीने आलेल्या मुली असतात, काहींची लग्नं ठरलेली असतात, काहींची झालेलीही. त्यांच्या वाचनात ते पुस्तक येतं, आणि 'साहसी' म्हणजे शूर नव्हे, हे सुरुवातीलाच समजून घ्यावं लागतं.